चौथा कप्पा

"भाऊ, डब्बा घेऊन राह्यले का मोटार?" दुकानदाराने विचारलं.

मी त्याच्याकडे मगभर पाणी मागून घेतलं होतं. काउंटरवर चार डबे उघडे पडले होते. पहिल्यात पाणी भरलं, झाकण लावलं, चारही क्लिपा दाबल्या आणि डबा उलटा धरून उभा राहिलो. मनात साठपर्यंत मोजणार होतो. चाळीसच्या आतच एका कोपऱ्यातून धार लागली.

"हा गळते," मी म्हणालो.

"अवो, पोट्टी शाळेत पाणी नेणार हाय का त्याच्यात? पोळीभाजीच नेईन ना!"

"वरण नेते कधी कधी."

"मंग घरून वरणच आणाचं होतं," बाजूला कढया पाहत उभी असलेली एक बाई म्हणाली आणि हसली. दुकानदारही हसला. मी दुसरा डबा उचलला.

इला माझ्या शर्टाचं टोक धरून उभी होती. ती पहिलीत आहे. डबा तिच्यासाठीच घ्यायचा होता, पण तिचं डब्यांकडे लक्ष नव्हतं. दुकानदाराने तिच्यासमोर दोन डबे सरकवले. एक तीन कप्प्यांचा, एक चार कप्प्यांचा.

"हा पाय बेटा, चार खान्याचा. एकात पोळी, एकात भाजी, एकात फळ, एकात खाऊ. एकमेकात काही जात नाई. आजकाल सगळे हाच नेतात."

इला माझ्याकडे पाहून हळू आवाजात म्हणाली, "बाबा, एकाच खान्याचा घ्या ना."

"काऊन? तुह्या वर्गात तं सगळ्याईकडे खान्याचा हाय म्हणे ना तू?"

"चार लय होतात."

"पोट्टी समजदार हाय," दुकानदार म्हणाला. "चार खाने म्हंजे बापाले पहाटे चार भानगडी."

मलाही तसंच वाटलं, की तिला माझी दया आली. मी चार कप्प्यांचाच घेतला. बाहेरून निळं प्लास्टिक, आत स्टील, झाकणाला रबराची जाड रिंग. साठ मोजून झाले तरी थेंब आला नाही.

मी मोटार वायंडिंगचं काम करतो. शेतातल्या पंपाच्या, पिठाच्या गिरणीच्या, कुलरच्या जळलेल्या मोटारी आमच्याकडे येतात. जुनी तार उपटून काढायची, आतल्या खाचा साफ करायच्या, प्रत्येक खाचेत कागद बसवायचा आणि नवी तार भरायची. कागद नीट बसला नाही तर एका खाचेतली तार शेजारच्या तारेला लागते आणि मोटार पुन्हा जळते. एकोणीस वर्षं हेच करतो आहे. म्हणून डब्यातही मला आधी तेच दिसलं, की याचं त्यात जाऊ नये.

त्याआधी इला मेघाचा डबा न्यायची. मेघा माझी बायको. स्टीलचा गोल डबा, आत एकच जागा. मेघा त्यात पोळीची गुंडाळी उभी ठेवायची आणि मधे भाजी. तिच्या हातची भाजी कोरडी असायची, म्हणून चालत होतं. माझी भाजी पातळ होते. मी भरलेल्या डब्यात दुपारपर्यंत पोळीचा लगदा होत असणार, आणि म्हणून इला खात नाही, असं मी धरून चाललो होतो. रोज डब्यात काहीतरी परत यायचंच. कधी पोळीचा तुकडा, कधी दोन घास भात.

मेघा बैलपोळ्याच्या आठवड्यात गेली. कावीळ झाली, ती लिव्हरवर उतरली, अकरा दिवस दवाखान्यात होती. वय तेहेतीस. त्याला आता पाच महिने झाले. पहिले पंधरा दिवस घरात माणसं होती. पुण्यानुमोदनाचा विधी झाला, विहारातल्या बाया जेवून गेल्या, मंडपवाला खुर्च्या घेऊन गेला आणि बोरगाव मेघे गावातल्या आमच्या दोन खोल्यांत मी आणि इला राहिलो.

तेव्हापासून मी पाचला उठतो. कणीक मळणं शेजारच्या विमलाबाईंनी शिकवलं. पोळी गोल येत नाही, पण कच्चीही राहत नाही. इलाची वेणी येत नव्हती, म्हणून तिचे केस कापून आणले. तिने काही म्हटलं नाही. सकाळी तिला शाळेत सोडतो, दुकानात जातो, दुपारी ती विमलाबाईंकडे थांबते, संध्याकाळी मी आणतो. अंग दुखत नाही असा दिवस आठवत नाही, पण दिवस जातो.

संक्रांतीनंतरच्या रविवारी माझ्या सासूबाई आल्या. शकुंतलाबाई समुद्रपूरला राहतात. दर पंधरवड्याला एसटीने येतात, काहीतरी करून आणतात, इलाला न्हाऊ घालतात आणि जातात. त्या दिवशी त्यांनी तिचं दप्तर आवरायला घेतलं. शनिवारचा डबा धुवायचा राहिला होता. त्यांनी तो उघडला आणि माझ्यासमोर ठेवला.

"हे पाहा."

आत अर्धी पोळी होती.

"रोज असंच असते?"

मी म्हणालो, "रोज नाई. थोडंसं राह्यते."

"थोडंसं? पोरीचं मनगट पाह्यलं का तुमी? माहे दोन बोटं फिरून वर उरतात." त्यांनी डब्याचं झाकण लावलं. "जवाईबापू, मी तुमचा दोष नाई काढत. तुमी करून राह्यले ते दिसते मले. पण बाप्यामाणसाच्यानं हे होत नाई. सहा वर्साची पोर हाय. तिले समुद्रपूरले घेऊन जातो मी. घराजवळ शाळा हाय, मामा हाय, मामी हाय."

"इथं शाळा चालू हाय तिची."

"शाळा तठी बी चालू हाय."

मी म्हणालो, "पंधरा दिवस द्या."

त्यांनी डबा बाजूला सरकवला. मग बोलल्या, "बरं. पंधरा दिवसानं येतो. शनिवारी येतो. डब्बा मी सोता उघडून पाहीन. रिकामा निघाला तं राहू द्या इथंच. नाई निघाला तं मी तिचे कपडे भरतो. मंग मले अडवू नका."

इला आतल्या दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. तिने ऐकलं. मला तेव्हा वाटलं, बरं झालं ऐकलं, आता तरी खाईल.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आम्ही तो निळा डबा आणला.

पहिल्या दिवशी मी चारही कप्पे भरले. मोठ्यात दोन पोळ्यांचे तुकडे, दुसऱ्यात बटाट्याची भाजी, तिसऱ्यात केळं कापून, छोट्यात मुरमुऱ्याचा चिवडा. झाकण लावताना मला बरं वाटलं. कशाला काही लागत नव्हतं.

संध्याकाळी डबा उघडला. पोळीचा एक तुकडा होता. बटाट्याची एक फोड होती. केळ्याची एक चकती काळी पडून चिकटली होती. छोट्या कप्प्यात चार-पाच मुरमुरे.

आधी एका ठिकाणी राहायचं, आता चार ठिकाणी राहिलं.

"इला, काऊन नाई खाल्लं?"

"खाल्लं."

"मंग हे काय हाय?"

ती डब्याचं झाकण लावायला लागली.

दुसऱ्या दिवशी मी कमी भरलं. तरी चारही कप्प्यांत एकेक घास राहिला. तिसऱ्या दिवशी तिला आवडतो म्हणून शिरा केला. तो डाळीच्या दाण्याएवढा राहिला. मग पेरू देऊन पाहिला, चणे देऊन पाहिले, पोळीला तूप-साखर लावून पाहिली. एक दिवस चिडून फक्त एक-एक तुकडा ठेवला, की आता काय उरवतेस. तिने प्रत्येक तुकडा अर्धा तोडून आणला होता. मी ओरडलो. पोरीवर मी सहसा ओरडत नाही. ती रडली नाही. उभी राहून ऐकलं आणि डबा उचलून मोरीत नेऊन ठेवला.

त्या आठवड्यात मी कोणाकोणाला विचारलं! विमलाबाई म्हणाल्या, नजर लागली असेल. औषधाच्या दुकानात विचारलं, त्याने भुकेची बाटली दिली. शाळेत जाऊन बाईंना भेटलो. बाई तरुण आहेत, बोलायला बऱ्या आहेत.

"इला खाते ना," त्या म्हणाल्या. "सगळ्या मुलांच्या आधी तिचं होतं. तुम्ही जास्त देत असाल."

"कमी केलं मी, बाई. तरी उरते."

"मग मी लक्ष ठेवते," त्या म्हणाल्या. वर्गात त्रेचाळीस मुलं होती. त्या काय लक्ष ठेवणार? मी नमस्कार करून निघालो.

दुसऱ्या आठवड्याच्या बुधवारी मला उठायला उशीर झाला. छोट्या कप्प्यात घालायला काहीच नव्हतं. तसंही त्यातलं परत येतं, म्हणून तो कप्पा मी रिकामाच ठेवला. संध्याकाळी डबा उघडला तर तीन कप्प्यांत नेहमीचे तीन घास होते. चौथ्यात एक शंकरपाळा होता.

शंकरपाळे आमच्या घरात दिवाळीलाही झाले नव्हते.

मी तो हातात घेऊन बराच वेळ पाहिला. पण इला विमलाबाईंच्या नातवाबरोबर खेळत होती, मला पोळ्या करायच्या होत्या. ते तसंच राहिलं.

गुरुवारी दुपारी दुकानात जेवायला बसलो तेव्हा नत्थूजींना ते सांगितलं. नत्थूजी दुकानाचे मालक. त्यांनीच मला हे काम शिकवलं. सत्तरीला आलेत, आता डोळ्याला बारीक तार दिसत नाही, पण मोटारीला कान लावून सांगतात की कुठली खाच गेली आहे. आम्ही रोज वार्निशच्या वासात, बाकड्यावर पेपर पसरून जेवतो.

"शनिवारी सासूबाई येणार," मी म्हणालो. "पोरगी घेऊन जाणार. मी सगळं करून पाह्यलं, नत्थूजी. डब्बा बदलवला, भाजी बदलवली, औषध देल्लं. काही कळत नाई."

"पोरीले विचारलं का?"

"विचारलं ना. रोज विचारतो."

"काय विचारतं?"

"काऊन नाई खाल्लं, म्हणून."

नत्थूजींनी घास खाली ठेवला. "ते विचारणं नाई होय लेका. ते रागावणं होय. मी तुले म्हणो ना आधी, काऊन तार तोडली बे? तवा तू मले कधी सांगतलं का कारण?"

"नाई."

"मंग!"

माझे वडील बापूराव गिरणीत मजूर होते. शिकलेले नव्हते, पण आम्हा भावंडांना एक गोष्ट सांगायचे, की काऊन विचारल्याशिवाय कोणाचंच काही मानायचं नाही. भटाचं नाही, मास्तराचं नाही, माझंबी नाही. मी ते आयुष्यभर पाळत आलो असं समजत होतो. त्या दुपारी लक्षात आलं, पाच महिन्यांत मी पोरीला शंभर वेळा काऊन म्हटलं होतं आणि एकदाही विचारलं नव्हतं.

त्या संध्याकाळी मी मोरीपाशी भांडी घासत होतो. इला घासलेली भांडी पालथी घालत होती. निळा डबा हातात आला तेव्हा मी नळ बंद केला.

"इला, कालचं ते शंकरपाळं कोणाचं होतं?"

"मैत्रेयीचं."

"कोण मैत्रेयी?"

"माह्या बाजूले बसते ना ती."

"मंग तू काऊन नाई..." मी थांबलो. मोरीच्या कठड्यावर बसलो तेव्हा आमची तोंडं समोरासमोर आली. "हे पाय, मी रागावून नाई राह्यलो. मले खरंच समजत नाई म्हणून विचारतो. काऊन?"

ती झाकणाची रबराची रिंग नखाने काढायला लागली. मी काढू दिली.

"तुमी त्या खान्यात काहीच नाई टाकलं," ती म्हणाली.

"हो. नाई टाकलं."

"मंग तो रिकामा आला असता ना घरी."

"येऊ दे ना. रिकामाच आणाचा असते डब्बा."

"नाई." तिने मान हलवली. "आई म्हणे, डब्बा रिकामा नाई देत. कायतरी ठेवाचं. साखर नाई तं पोळीचा तुकडा."

मेघा तसं म्हणायची खरं. शेजारून कोणी काही पाठवलं की त्या भांड्यात काहीतरी घातल्याशिवाय ती ते परत करत नसे. सगळ्याच बाया तसं करतात.

"बेटा, ते दुसऱ्याचा डब्बा वापस करतो तवा. हा आपलाच हाय."

"विमलाकाकूचा तं दुसऱ्याचा होता."

"कोणता विमलाकाकूचा?"

"आई दवाखान्यात होती तवाचा." रिंग तिच्या हातात आली होती. ती तिने बांगडीसारखी मनगटात घातली. "मी साखर टाकत होती त्याच्यात. तुमी म्हणाले राहू दे, ऑटो थांबला, तसाच दे. मंग मी तसाच देल्ला."

मला तो दिवस आठवला. अकरावा दिवस. मेघा शेवटची शुद्धीवर होती आणि इलाला पाहायचं म्हणत होती. मी घरी येऊन आंघोळ केली, विमलाबाईंनी सकाळी पाठवलेला डबा विसळला आणि इलाला देऊन म्हणालो, पळत जाऊन देऊन ये. ती स्वयंपाकघरात साखरेच्या डब्याशी खुडबुड करत होती. बाहेर ऑटोवाला हॉर्न वाजवत होता. मी ओरडलो होतो. काय ओरडलो ते आठवत नव्हतं, पण ती सांगते तेच असणार.

त्याच दिवशी चार वाजता मेघा गेली.

मी हात पुसले.

"आजी म्हणते, डब्बा रिकामा आणला तं मी इथं राहीन," इला म्हणाली. "मी समुद्रपूरले जातो, बाबा. तठून फोन करता येते. पण रिकामा नाई आणत. आता घरी तुमीच हाय ना."

तिने हे सगळं नीट ठरवलेलं होतं. तिच्या समजुतीत रिकामा डबा दिला आणि आई गेली. आता घरात मी एकटा उरलो होतो. मला काही होऊ नये म्हणून ती रोज शेवटचा घास वाचवून आणत होती आणि त्यासाठी माझ्यापासून लांब राहायला तयार होती. आणि मी तिला चार कप्प्यांचा डबा आणून दिला होता. एकाचाच घ्या, ती म्हणाली होती. चार लय होतात.

मी तिला सांगितलं की आईला कावीळ झाली होती. कावीळ दूषित पाण्यातून होते. लिव्हर म्हणजे काय ते तिच्या पोटावर हात ठेवून दाखवलं. डॉक्टरांनी सगळं केलं, साखरेचा त्याच्याशी काही संबंध नाही, तुझाही नाही. तिने सगळं ऐकलं. शाळेत बाईंचं ऐकून हलवतात तशी मान हलवली. मला कळलं की तिला पटलेलं नाही.

मग तिला घेऊन विमलाबाईंकडे गेलो. म्हटलं, त्यांनी सांगितलं तर पटेल. त्यांना बाजूला घेऊन सगळं सांगितलं. त्या तोंडावर पदर धरून उभ्या राहिल्या.

"मले तं आठवत बी नाई, बापा," त्या म्हणाल्या. "त्या दिवसाईत डब्बा आला का नाई आला, भरला होता का रिकामा, कोणाले ध्यान होतं?" त्यांनी इलाला जवळ ओढलं. "पोरी, मले साखर कायले पाह्यजे? मले तं डायबिटीस हाय!"

इला हसली नाही. विमलाबाईंना डायबिटीस आहे हे तिला माहीत होतं. साखर नसती तर तिने पोळीचा तुकडा ठेवला असता.

शुक्रवारी पहाटे पोळ्या लाटताना मला सुचलं. सुचलं म्हणण्यासारखं ते मोठं नाही. मी तीन कप्पे भरले. इला उठून आली तेव्हा तिला डबा दाखवला.

"हे तीन खाने माहे. मी भरले. हे तू चाटूनपुसून खाजो. एक दाणा ठेवाचा नाई. आन हा छोटा खाना तुहा. हा मी भरत नाई. घरी येताना याच्यात काय आणाचं ते तू आण."

तिने डब्यात पाहिलं.

"काईबी?"

"खायाचं काईबी."

"एकच चना चालते?"

"एकच चना चालते."

"मंग डब्बा रिकामा नाई ना झाला?"

"नाई झाला. डब्बा तं एकच हाय. खाने चार असले तरी डब्बा एकच."

हे तिला लिव्हरच्या माहितीपेक्षा जास्त पटलं. झाकण लावत तिने विचारलं, "आन आजी?"

"आजीचं मी पाहतो," मी म्हणालो. काय पाहणार होतो ते मलाच माहीत नव्हतं.

संध्याकाळी डबा आला. तीन कप्पे बोट फिरवून पुसल्यासारखे होते. चौथ्यात एक चणा होता, सालासकट. मला तो फेकवेना. खाल्ला.

शनिवारी अर्धी शाळा असते. मी दुपारची सुट्टी घेतली होती. शकुंतलाबाई आमच्या आधीच येऊन ओट्यावर बसल्या होत्या. पायाशी दोन पिशव्या. एकीत तिळाच्या लाडवांचा स्टीलचा डबा होता. दुसरी रिकामी होती, घडी केलेली. ती कशासाठी होती ते मला कळलं.

घरात आल्या, पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या, "आण वं इला, दप्तर आण."

इलाने दप्तर दिलं आणि माझ्यामागे येऊन उभी राहिली. तिच्या मुठीत माझा शर्ट होता. सासूबाईंनी क्लिपा उघडल्या. तीन कप्पे पाहिले. त्यांच्या चेहऱ्यावर जरा बरं दिसलं. मग चौथा पाहिला.

"हे काय? बोर?"

लाल, बारीक, शाळेच्या फाटकापाशी मिळतं ते बोर होतं.

"इला, जा, विमलाकाकूकडे जाऊन ये," मी म्हणालो. ती गेली नाही. दोनदा सांगितलं तेव्हा गेली, तीही मागे पाहत.

मग मी त्यांना सांगितलं. मला नीट सांगता येत नाही. मधूनच सुरुवात केली, पुन्हा मागे गेलो, ऑटोचं सांगायचं विसरलो, मग ते सांगितलं. मीच ओरडलो होतो हेही सांगितलं. त्या डब्याकडे पाहत होत्या. सांगून झाल्यावर मी म्हणालो, "डब्बा रिकामा नाई निघाला. तुमी म्हणाल तसं."

बाहेर भंगारवाला ओरडत गेला.

"मेघाले हे मीच शिकवलं," त्या म्हणाल्या. "मले माह्या सासूनं. तवा घरात साखर कुठली! मी मिठाचा खडा टाको लोकाईच्या भांड्यात. सासू म्हणे, खडा टाक पण रितं नको देऊ." त्यांनी पदराने नाक पुसलं. "कायले शिकवलं असंन?"

हे काऊन त्यांचं होतं.

त्यांनी ते बोर उचललं, पुसलं आणि कमरेच्या चंचीत ठेवलं. मग डबा घेऊन मोरीत गेल्या आणि घासला. घासायला त्यात फारसं काही नव्हतं, तरी बराच वेळ घासत होत्या. मी बाहेर ओट्यावर जाऊन बसलो.

त्या रात्रभर राहिल्या. रविवारी सकाळी मी त्यांना बसस्टँडवर सोडायला गेलो. घडी केलेली पिशवी त्यांच्या हातात तशीच होती. हिंगणघाटची गाडी लागली होती, तिथून त्यांना दुसरी धरायची होती. खिडकीपाशी बसल्यावर त्यांनी मला बोलावलं.

"माहा लाडूचा डब्बा राह्यला तुमच्या घरी."

"मी आणून देतो पुढच्या रविवारी."

"कायले? घाई नाई." गाडी सुरू झाली होती, त्यांना आवाज चढवावा लागला. "उन्हायाच्या सुट्टीत इलाच्या हातानं पाठवा. तुमी बी या. आन रिकामा नका आणजा."

त्या हसल्या की काय ते मला दिसलं नाही. गाडी वळली.

इला माझ्याजवळ राहिली. एवढंच झालं. बाकी काही बदललेलं नाही. मी पाचला उठतो, तीन कप्पे भरतो, चौथा सोडतो. ती रोज त्यात काहीतरी आणते. चिंचेचं बोटूक, पार्लेचा कोपरा, एकदा जिऱ्याची गोळी. तिच्या अंगाला काही लागलेलं दिसत नाही, पण बाई म्हणतात वाढेल. हे ती कधी सोडेल ते मी विचारत नाही. संध्याकाळी डबा धुण्याआधी चौथ्या कप्प्यातलं मी खातो, मोरीपाशी उभा राहून. तिच्या लक्षात आलं आहे. ती भांडी पालथी घालत असते, वर पाहत नाही.

गेल्या सोमवारी दुकानात गिरणीची मोटार आली होती, अर्धी तार उपटून झाली होती. दुपारी नत्थूजी आणि मी पेपर पसरून बसलो. माझा डबा म्हणजे आता मेघाचा तो गोल, एका जागेचा डबा. इलाला नवीन आणल्यापासून मीच तो नेतो. पोळी संपत आली. शेवटचा तुकडा उरला, भाजी त्याच्याबरोबर लागेल एवढीच उरली.

नत्थूजी हात धुवायला उठले. माझ्याकडे पाहून थांबले.

"काऊन? भूक नाई का?"

"हाय," मी म्हणालो आणि झाकण लावलं.